अमेरिकेतील शहरांत कृष्णवर्णीयांची वस्ती कोणत्या भागांत आहे आणि ती तिथेच का एकवटली?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत: अमेरिकेतील शहरांत कृष्णवर्णीय लोक नेमके कोणत्या भागांत राहतात, आणि ते तिथेच का एकवटले. भागांची नुसती यादी दिली तर पहिल्या प्रश्नाचे उत्तर मिळेल, दुसऱ्याचे मिळणार नाही. म्हणून ज्या शहराच्या परिसरात मी राहतो त्या शिकागोबद्दल विस्ताराने लिहितो आणि इतर शहरांचा उल्लेख ओझरता करतो.

शिकागोत ‘रेड लाइन’ ही लोकल गाडी उत्तरेच्या हॉवर्ड स्थानकापासून दक्षिणेला ९५व्या रस्त्यापर्यंत धावते. डाउनटाउनपर्यंत डब्यात सगळ्या वर्णांचे प्रवासी असतात. चायनाटाउनला चिनी कुटुंबे उतरतात, बेसबॉलचा सामना असला तर ३५व्या रस्त्याला गोरे प्रेक्षक उतरतात आणि तिथून पुढे डब्यात कृष्णवर्णीय नसलेला बहुधा मी एकटाच उरतो. या मार्गाच्या दोन्ही अंगांना पसरलेला दक्षिण भाग, म्हणजे ब्रॉन्झव्हिल, वॉशिंग्टन पार्क, एंगलवुड, चॅटम, साउथ शोअर, रोझलँड, आणि पश्चिमेकडे ऑस्टिन, गारफिल्ड पार्क, नॉर्थ लॉनडेल, ही या शहरातील कृष्णवर्णीयांची मुख्य वस्ती होय. यांपैकी बऱ्याच भागांत दहातले नऊ रहिवासी कृष्णवर्णीय आहेत. शिकागो विद्यापीठाच्या आसपासचा हाइड पार्क हा दक्षिण भागातला ठळक अपवाद; तिथे वस्ती मिश्र आहे.

ही वस्ती आली दक्षिणेकडच्या राज्यांतून. साधारण १९१५ ते १९७० या काळात सुमारे ६० लाख कृष्णवर्णीय लोक वंशभेदाचे कायदे, जमावाकडून होणाऱ्या हत्या आणि कापसाच्या शेतीतले कर्ज यांना कंटाळून उत्तरेकडे व पश्चिमेकडे गेले. मिसिसिपीतून निघणारी इलिनॉय सेंट्रल रेल्वे थेट शिकागोला येत असे, त्यामुळे तिथल्या लोकांनी शिकागोच गाठले. ‘शिकागो डिफेंडर’ या कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्राचे अंक रेल्वेच्या पुलमन (शयनयान) डब्यांतले नोकर दक्षिणेत गुपचूप पोचवत आणि त्यांतल्या नोकऱ्यांच्या जाहिराती गावोगाव वाचल्या जात. माणसे आली, कत्तलखान्यांत आणि पोलाद कारखान्यांत कामाला लागली. पण राहायला त्यांना स्टेट स्ट्रीटलगतची एक चिंचोळी पट्टीच मिळाली. तिला तेव्हा ‘ब्लॅक बेल्ट’ म्हणत. त्या पट्टीची हद्द ओलांडणे किती महागात पडे हे जुलै १९१९ मध्ये दिसले. मिशिगन सरोवरात पोहताना १७ वर्षांचा यूजीन विल्यम्स गोऱ्यांच्या मानल्या गेलेल्या पाण्यात वाहत गेला, त्याच्यावर दगड फेकले गेले आणि तो बुडाला. त्यानंतरच्या दंगलीत ३८ माणसे मेली, त्यांतली २३ कृष्णवर्णीय होती.

मराठी वाचकाला इथे गावकुसाबाहेरच्या वस्तीची आठवण होणे स्वाभाविक आहे. मात्र आपल्याकडे ती हद्द मुख्यतः रूढीने राखली. शिकागोत ती नोंदणीकृत दस्तऐवजांनी राखली. १९२० च्या दशकापासून घरांच्या मालकांनी आपसांत करार करून असे ठरवले की आपले घर कृष्णवर्णीय माणसाला विकायचे नाही आणि भाड्यानेही द्यायचे नाही. शहरातील घरदलालांच्या मंडळाने अशा कराराचा नमुनाच तयार करून दिला होता. सर्वोच्च न्यायालयाने १९४८ मध्ये, ‘शेली विरुद्ध क्रेमर’ या खटल्यात, असे करार न्यायालयांमार्फत अमलात आणता येणार नाहीत असा निकाल दिला. तोपर्यंत दुसरी यंत्रणा उभी राहिली होती. १९३० च्या दशकात केंद्र सरकारच्या गृहकर्ज संस्थेने शहरांचे नकाशे काढून कर्जासाठी ‘धोकादायक’ भाग लाल रंगाने दाखवले आणि कृष्णवर्णीयांची वस्ती जवळजवळ हमखास त्या लाल भागात पडली. सरकारी विम्याच्या आधाराने मिळणारे स्वस्त गृहकर्ज अशा भागांना नाकारले जाई, आणि त्याच कर्जावर गोऱ्यांची उपनगरे उभी राहिली.

कर्ज नाही म्हटल्यावर काय होते, याचा धडा नॉर्थ लॉनडेलमध्ये मिळतो. १९५० साली हा भाग बहुतांशी गोऱ्या, त्यातही ज्यू लोकांचा होता. १९६० पर्यंत तिथे दहातले नऊ रहिवासी कृष्णवर्णीय झाले. दलाल गोऱ्या मालकांना ‘आता हे लोक येणार, भाव पडणार’ अशी भीती घालत आणि घरे पडत्या किमतीत पदरात पाडून घेत. मग तेच घर ते कृष्णवर्णीय कुटुंबाला दीडपट-दुप्पट भावाने हप्त्यांवर विकत. यातली मेख अशी की शेवटचा हप्ता फिटेपर्यंत खरेदीखत घेणाऱ्याच्या नावावर होत नसे. दुरुस्ती त्याची, घरपट्टी त्याची, पण एखादा हप्ता चुकला तरी घर गेले आणि भरलेले सगळे पैसेही गेले. दलाल तेच घर पुन्हा दुसऱ्याला विकायला मोकळा. हप्ते भागवण्यासाठी लोक दोन-दोन नोकऱ्या करत, घरात भाडेकरू कोंबत, डागडुजी पुढे ढकलत, आणि मग बाहेरचे म्हणत की या लोकांना घरे नीट ठेवता येत नाहीत. मार्टिन ल्यूथर किंग १९६६ मध्ये घरांच्या प्रश्नावर चळवळ करण्यासाठी याच भागात भाड्याच्या घरात राहायला आले. त्याच उन्हाळ्यात मार्क्वेट पार्कमधल्या मोर्चात त्यांना दगड लागला. घरांच्या व्यवहारात भेदभावाला बंदी घालणारा केंद्रीय कायदा त्यांच्या हत्येनंतर आठवड्याभरात, एप्रिल १९६८ मध्ये झाला.

नगरपालिकेनेही हातभार लावला. स्टेट स्ट्रीटच्या कडेने १९६२ पर्यंत प्रत्येकी १६ मजल्यांच्या २८ सरकारी इमारती बांधल्या गेल्या, त्याही जुन्या ब्लॅक बेल्टमध्येच. २००७ पर्यंत त्या सगळ्या पाडल्या.

आता चित्र पालटते आहे. १९८० च्या सुमारास शिकागोत कृष्णवर्णीयांची संख्या १२ लाखांच्या जवळपास होती. २०२० च्या जनगणनेत ती आठ लाखांच्या खाली आली. कत्तलखाने १९७१ मध्ये आणि दक्षिण भागातला मोठा पोलाद कारखाना १९९२ मध्ये बंद झाला, २००८ च्या मंदीत अनेकांची घरे बँकांनी जप्त केली, २०१३ मध्ये सुमारे ५० सार्वजनिक शाळा बंद झाल्या. कोणी मॅटसनसारख्या दक्षिण उपनगरांत गेले, कोणी अटलांटा, ह्यूस्टन, डॅलसला. आजोबा ज्या दक्षिणेतून पळाले तिथेच नातवंडे परत चालली आहेत, आणि आज देशातील निम्म्याहून अधिक कृष्णवर्णीय दक्षिणेतच राहतात.

इतर शहरांतही दिशा ठरलेल्या आहेत. न्यूयॉर्कमध्ये हार्लेम प्रसिद्ध असले तरी मोठी वस्ती मध्य व पूर्व ब्रुकलिन आणि आग्नेय क्वीन्समध्ये आहे. वॉशिंग्टनमध्ये अनाकोस्तिया नदीच्या पलीकडे, अटलांटात शहराच्या नैर्ऋत्येला. डेट्रॉइट मात्र बहुतांशी कृष्णवर्णीयांचेच शहर आहे आणि तिथे ‘एट माइल रोड’ ही उत्तरेची सीमा वर्णाचीही सीमा ठरली.

शिकागोत नवीन आलेल्या आपल्या मंडळींना ‘साउथ साइडला (दक्षिण भागात) घर बघू नका’ असा सल्ला सर्रास दिला जातो. मला तो आळशीपणाचा वाटतो. चॅटममध्ये गेलात तर विटांचे टुमदार बंगले आणि निगुतीने राखलेली हिरवळ दिसेल. शिक्षक, टपाल कर्मचारी, परिवहन सेवेतले चालक अशा नोकरदारांनी तो भाग गेल्या ६०-७० वर्षांत घडवला आहे. वॉशिंग्टनलगतची प्रिन्स जॉर्जेस काउंटी तर देशातल्या सर्वांत सधन कृष्णवर्णीय वस्त्यांपैकी एक आहे. घर घेण्याच्या दृष्टीने विचारत असाल, तर गुन्ह्यांची आकडेवारी त्या-त्या चौकापुरती पाहा. सबंध दिशेवर फुली मारू नका.