पातालपानीच्या वाटेवरची पिवळी अळंबी शँटरेल असेल का?

तुम्ही विचारलंय, की इंदूरजवळच्या पातालपानीच्या उतारावर सागाखाली दिसलेली पिवळी, नरसाळ्याच्या आकाराची अळंबी शँटरेल, म्हणजे कँथरेलस गटातली खाण्याजोगी रानअळंबी, आहे का, आणि बेटांवर तिच्या नव्या जाती कशा ठरवतात. मी इंदूरचाच, पावसाळ्यात चोरलकडच्या जंगलात अळंब्या बघत हिंडणारा. माझा पहिला प्रश्न नेहमी झाडाबद्दल असतो, आणि तुम्ही ते सांगितलंत हे फार बरं केलंत.

शँटरेलला झाडाची सोबत लागतेच. तिचे तंतू कोवळ्या मुळांवर वेष्टन चढवतात, झाडाला पाणी आणि स्फुरद पुरवतात, बदल्यात साखर घेतात. हे साल, ओक, पाइन अशा काही झाडांशीच जुळतं. सागाच्या मुळांत राहणारी बुरशी वेगळी. तिला छत्री येतच नाही. त्यामुळे आपल्या सागवनात खरी शँटरेल मिळणं मला अवघड वाटतं. सालाचं जंगल बघायचं तर पचमढी किंवा मंडला गाठावं लागेल.

बेटांवर हे नातं आणखी ठळक दिसतं. मादागास्करचं तापिया हे झाड मूळचं फक्त तिथलंच, आणि त्याच्या कुळातल्या झाडांखाली शँटरेल उगवतात. कॅरिबियन किनाऱ्यावरच्या सी-ग्रेप (शास्त्रीय नाव कोकोलोबा) या झाडाखालच्या शँटरेलला 2016 मध्ये त्या झाडावरूनच नाव मिळालं: कँथरेलस कोकोलोबी. असं रान तोडलं तर खालची अळंबीही जाते, कधीकधी तिला नाव मिळण्याआधीच. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

नुसत्या रंगावर जात ठरत नाही, पावसाने पिवळा फिका पडतो. ताजेपणी वास, रंग आणि टोपीखालच्या घड्या टिपून घेतात, मग नमुना सुकवतात. सूक्ष्मदर्शकाखाली बीजाणू मोजतात, तंतूंच्या सांध्यांवर क्लॅम्प नावाची गाठ आहे का ते पाहतात. डीएनएची गोष्ट जरा निराळी: बुरशी ओळखायला एरवी वापरतात तो आयटीएस नावाचा डीएनएचा तुकडा शँटरेलमध्ये बराच लांब असतो, वाचताना त्रास देतो. म्हणून टेफ-1 या जनुकावर जास्त भिस्त. शेवटी मूळ नमुना वनस्पतिसंग्रहालयात ठेवून वर्णन छापतात.

तुमच्या अळंबीखाली सुरीच्या धारेसारखी पातळ, सुटी पाती आहेत, की देठावर उतरणाऱ्या बोथट, फाटे फुटलेल्या घड्या? पाती असतील आणि ती लाकडावर झुबक्याने आली असेल, तर विषारी ओम्फॅलोटस असू शकते. काहीही असो, खाऊ नका. खालच्या बाजूचा, बुडख्याचा आणि झाडाच्या पानांचा फोटो टाका.