३८६ नॅनोमीटरजवळची एक रेघ

परभणी

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. औंढ्याला लायगो, म्हणजे गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा, होणार, म्हणून तुला त्या लहरींतच काम करायचंय आणि वर्णपट, म्हणजे ताऱ्याचा प्रकाश रंगांत फाकवून वाचणं, तुला जुनाट वाटतात. बाळा, हे मला अजिबात पटलं नाही.

१७ ऑगस्ट २०१७ ला दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या धडकेची लहर सापडली. मागोमाग दिसलेला उजेड आधी निळा होता, काही दिवसांत तांबडा झाला. अशा धडकांत युरेनियमसारखी जड मूलद्रव्यं किती तयार होतात? हा हिशोब जुन्या ताऱ्यांतल्या साठ्याशी ताडून पाहावा लागतो, आणि वर्णपटात युरेनियमनं प्रकाश शोषल्याची कामाची रेघ आहे ३८५.९६ नॅनोमीटरला, जांभळ्याच्याही पलीकडे.

ही रेघ फार चिमुकली. लोखंडाच्या रेघेच्या उतारावर ती बसलेली असते आणि ताऱ्यात कार्बन जास्त असला तर सायनोजेनचा (कार्बन-नायट्रोजनच्या रेणूचा) पट्टा तिला झाकून टाकतो. तिमिंगल तारकासमूहातल्या एका ताऱ्यात कार्बन कमी, म्हणून २००१ साली ती तिथे मोजता आली. युरेनियम ४.४७ अब्ज वर्षांत निम्मं होतं, थोरियमला १४ अब्ज लागतात. दोन्हींच्या प्रमाणावरून त्या ताऱ्याचं वय निघालं १२.५ अब्ज वर्षं, पण ३ अब्ज इकडेतिकडे. एवढी चूक मला सलते.

चिलीतल्या ८.२ मीटरच्या व्हीएलटी दुर्बिणीसाठी क्यूब्ज हा वर्णपटलेखक आखलाय तो याच पट्ट्यासाठी, ३०० ते ४०५ नॅनोमीटर. तिथे ओझोन प्रकाश गिळतो, आणि असे जुने तारे बहुधा तांबूस, त्यांच्याकडे निळा प्रकाश आधीच थोडा. म्हणून यंत्रात प्रकाशाचा एकही कण, फोटॉन, वाया जाऊन चालत नाही. ठिबकवर हळद जगवणाऱ्या घरातली तू, तुला हे वेगळं सांगायला नको.

याच पट्ट्यात आणखीही रेघा आहेत: ३१३ ला बेरिलियम आहे, जे ताऱ्यांत घडत नाही, वैश्विक किरणांच्या माऱ्यानं कार्बन-ऑक्सिजन फुटून बनतं. ३०८ ला धूमकेतूच्या पाण्याची खूण. ती नंतर.

सध्या एकच कर. व्हीएलटीचे जुने वर्णपट ती दुर्बीण चालवणाऱ्या ईएसओ या युरोपीय संस्थेच्या संग्रहात फुकट मिळतात. तिमिंगलातल्या त्या ताऱ्याचा वर्णपट उतरवून घे, आधी लोखंडाच्या रेघा ओळख, मग उतारावरचा तो बारीक खळगा शोध. लगेच दिसणार नाही. मग त्यात मुद्दाम गोंगाट मिसळत जा आणि रेघ कुठे बुडते ते लिहून ठेव. यंत्र कशासाठी हवं, ते तुला त्या आकड्यावरून कळेल.

दिवाळीला येशील तेव्हा आलेख छापून आण, पेन्सिलीनं खूण करून. रात्री गच्चीवर तिमिंगल दाखवीन.

तुझे सर