माळ घालू की नको?

प्रश्न : मी २४ वर्षांची आहे. गाव माळशिरस तालुक्यात, नोकरी पुण्यात. घर तीन पिढ्यांचं माळकरी. माऊलींची पालखी आमच्या भागातून जाते तेव्हा दिंडीला भाकरी-पिठलं आमच्याकडून असतं. कॉलेजात असल्यापासून मला देव आहे असं वाटत नाही. कुणावर राग नाही, कुणी कान भरले नाहीत. हळूहळू वाटेनासं झालं. यंदा आषाढीला मी पंढरपुरात माळ घालावी असं आजोबांच्या मनात आहे. आई म्हणते, ‘घाल की, एका माळेनं काय होतंय?’ मित्र म्हणतात, ‘सगळं थोतांड आहे असं तोंडावर सांग.’ मला दोन्ही जमत नाही. आणि फॉर्मवर धर्माच्या रकान्यात काय लिहू?

उत्तर : आई मायेपोटी बोलते, पण तिचं म्हणणं मला पटत नाही. मी स्वतः माळकरी आहे, विठ्ठलाला मानते, म्हणून माळेच्या बाजूनंच सांगते. माळ हा दागिना नव्हे. वारकऱ्यांच्या फडावरच्या महाराजांच्या हातून ती गळ्यात पडते तेव्हा माणूस शब्द देतो : मांस-मद्य वर्ज्य, एकादशी धरायची, हरिपाठ म्हणायचा, वारी चुकवायची नाही. माळ तुटली तर दुसरी घालेपर्यंत पाण्याचा घोटही न घेणारी माणसं माझ्या माहेरी होती. मनात नसताना तू हा शब्द दिलास, तर आजोबांनी जन्मभर जे जपलं तेच तुझ्या गळ्यात खोटं होऊन बसेल. तू नको म्हणतेस ते माळेचा मान राखूनच, आणि हे त्यांना समजेल असं मला मनापासून वाटतं.

सांगायचं ते आत्ताच. महाराजांकडे निरोप गेला, नातेवाइकांना कळलं, की मग आजोबांना चारचौघांत मान खाली घालावी लागेल. समाजसुधारक गोपाळ गणेश आगरकर ईश्वराच्या बाबतीत अज्ञेयवादी होते, म्हणजे देव आहे की नाही हे कळू शकत नाही असं मानणारे. मोठ्या पगाराच्या नोकरीची आशा धरू नकोस, हे त्यांनी आईला पत्र लिहून आधीच कळवलं होतं. आईनं मनात मांडे खाण्याआधी तिला खरं सांगायचं, एवढी काळजी त्यांनी घेतली.

आजोबा रानात पाणी धरायला जातील तेव्हा सोबत जा. बोलायचं ते स्वतःपुरतं : ‘आजोबा, मला देव आहे असं वाटत नाही. माळ घातली तर तुम्हाला फसवल्यासारखं होईल.’ इथं थांब. ‘देव नसतोच’ असं म्हणालीस तर बोलणं तुझ्याबद्दल राहणार नाही, त्यांच्या सगळ्या वाऱ्यांचा हिशेब मागितल्यासारखं होईल. विज्ञानाचे दाखले नकोत. तुकोबांनीही एका अभंगात ‘माझे लेखी देव मेला’ असं म्हटलंय, हा दाखला तुला कुणीतरी पुरवेल. तोही नको. ते देवाशी भांडणाऱ्या भक्ताचे बोल आहेत. आजोबांना ते तुझ्या-माझ्यापेक्षा जास्त कळतात.

ते दुखावतील. बहुधा विचारतील, ‘आमचं कुठं चुकलं?’ त्याचं उत्तर तयार ठेव. या घरात तू काय शिकलीस ते नावानिशी सांग : अनोळखी माणसाला माऊली म्हणणं, त्याच्या पाया पडणं, जात न विचारता पंगत वाढणं.

माझ्या धाकट्या भावानं वडिलांना असंच सांगितलं होतं. बरेच दिवस घरात कुणी नीट बोलत नव्हतं. मग वडिलांनी विचारलं, ‘काकड्याला टाळ कोण धरील?’ तो म्हणाला, ‘मी धरतो.’ वडील गेले, तरी कार्तिकात तो पहाटे देवळात टाळ धरतो. देव आजही मानत नाही, आणि गावात हे सर्वांना माहीत आहे.

तुलाही वारीला जायचं असेल तर खुशाल जा. दिवे घाटात कुणी कुणाचा गळा बघत नाही. नसेल जायचं तर पंगतीत वाढायला रजा काढ.

मित्रांच्या ‘थोतांड’ शब्दाचा मला राग आला, हे लपवत नाही. डॉ. नरेंद्र दाभोलकर आयुष्यभर सांगत राहिले की त्यांचा विरोध देवाधर्माला नसून त्या नावानं होणाऱ्या शोषणाला आहे. २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्यानंही यात्रा, कीर्तन, भजन यांना हात लावलेला नाही. तुझ्या आजोबांनी कुणाला लुबाडलेलं नाही.

आता रकाना. मुंबई उच्च न्यायालयानं २०१४मध्ये स्पष्ट केलं की कुठलाही धर्म न मानण्याचा हक्क नागरिकाला आहे आणि सरकार कुणाला धर्म जाहीर करायला भाग पाडू शकत नाही. आधार संविधानाच्या कलम २५चा, त्यातल्या सद्‌सद्‌विवेकबुद्धीच्या स्वातंत्र्याचा. २०११च्या जनगणनेत धर्म न सांगितलेल्यांची संख्या २८ लाखांहून जास्त होती. ते सगळे नास्तिक असतील असं नाही, पण रकाना कोरा ठेवणारी तू पहिली नव्हेस. ‘धर्म नाही’ असं लिहायचं असेल तर लिही. फक्त आजोबांना ते कागदावरून कळू देऊ नकोस. आधी तुझ्या तोंडून कळू दे.