फिलॉसॉफी घेऊन पोरगी खाणार काय?

शिरोली एमआयडीसीत फौंड्री असलेल्या एका वडिलांचं पत्र आलंय. मुलीला बारावी सायन्सला 84 टक्के, आणि ती म्हणतेय बीए करणार, फिलॉसॉफी घेऊन. ते विचारतात, "आता एआय सगळं लिहून देतंय, मग हे शिकून पोरगी खाणार काय?"

दादा, तुमची काळजी खरी आहे. प्राध्यापकाच्या जागा कमी, भरती रखडलेली, सीएचबीवर, म्हणजे तासाच्या हिशोबानं शिकवत, वर्षं काढणारी माणसं मी बघतोय. जेआरएफ म्हणजे संशोधनाची फेलोशिप निघाली तर महिन्याला 37,000 मिळतात, चार वर्षांच्या डिग्रीला 75 टक्के असले तर एमए न करता पण नेट, म्हणजे जेआरएफ आणि प्राध्यापकीच्या पात्रतेची परीक्षा, देता येते, पण "नेट काढायची आणि कुठंतरी चिकटायचं" एवढाच प्लॅन असेल तर मी पण नकोच म्हणेन.

एआयचं मात्र उलटं आहे बघा. 1967 साली इंग्लंडच्या फिलिपा फूट बाईंनी एक प्रश्न मांडला, ट्राम सुसाट सुटलीय, पुढं रुळावर पाच माणसं, वळवली तर दुसऱ्या रुळावर एक, ड्रायव्हरनं काय करायचं? पन्नास वर्षं लोकांनी त्यावर वर्गात वाद घातले, मग ड्रायव्हर नसलेल्या गाड्यांची चर्चा सुरू झाली आणि अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या लोकांनी तसलेच प्रश्न ऑनलाइन टाकून 233 देश-प्रदेशांतून जवळपास 4 कोटी उत्तरं गोळा केली, 2018 ला 'नेचर' या विज्ञानाच्या नियतकालिकात छापलं. उत्तरं देशोदेशी वेगळी निघाली! आता जास्त मतं जिकडं तेच बरोबर का? हे मोजून कळत नाही हो, इथं युक्तिवाद लागतो आणि तो शिकावा लागतो. एआय कंपन्या पण फिलॉसॉफीची माणसं घेतायत, थोडीच, पण घेतायत.

शिकवणं पण बदलतंय. घरून आणलेला निबंध कुणी लिहिला तेच कळेना, म्हणून बरेच प्राध्यापक तोंडी परीक्षेकडं आणि वर्गात हातानं लिहून घेण्याकडं वळलेत. मला हे फार आवडलं, आपल्याकडं तर ही जुनीच रीत, आधी पूर्वपक्ष म्हणजे समोरच्याचं म्हणणं नीट मांडायचं, मग आपला सिद्धांत.

कॉलेज बघताना लॉजिक कोण शिकवतं ते जाऊन विचारा, जमलं तर पोरीला एक तास वर्गात बसू द्या. सोबत गणित किंवा कॉम्प्युटर मिळत असेल तर सोडू नका, पुढं लॉ आहे, यूपीएससीला फिलॉसॉफीचा 500 मार्कांचा ऑप्शनल आहे.

पण फॉर्म भरायच्या आधी एक करा. पोरीला सांगा, तुमचा विरोध एका पानावर हातानं लिही, असा की तुम्ही वाचून म्हणाल "अगदी, मला हेच म्हणायचं होतं", आणि खाली तिचं उत्तर. तुम्ही पण तिची बाजू तशीच लिहा, मोबाईल लांब ठेवून. तिला ते पान जमलं तर अडवू नका, नाही जमलं तर थोडं थांबा. दोन्ही कागद घेऊन या, मग कॉलेजचं बोलू.