पगार नाही, तरी खातं तुमचंच

प्रश्न : आम्ही अमेरिकेत असतो. यांना नोकरीत ४०१(के) ही निवृत्ती-बचत योजना आहे, मी घरी असते. २०२५चं आमचं करासाठीचं एकत्र उत्पन्न १,८०,००० डॉलर. माझ्या नावे पारंपरिक आयआरए (निवृत्तीसाठीचं वैयक्तिक बचत खातं) उघडला तर करात वजावट मिळेल? हे म्हणतात, कमाई नाही तर खातं कसलं!

उत्तर : रिटर्न जोडीने भरत असाल तर त्यांच्या कमाईच्या जोरावर तुमच्या नावे ७,००० डॉलर भरता येतात, पन्नाशी गाठली असेल तर ८,०००. तुम्हाला नोकरीतली योजना नाही, म्हणून एकत्र उत्पन्न २,३६,०००पर्यंत असेल तर वजावट पूर्ण. पुढे ती घटत २,४६,०००ला संपते. गंमत म्हणजे यांनी स्वतःचा आयआरए भरला तर वजावटीच्या नावाने भोपळा! त्यांची मर्यादा १,४६,०००लाच संपते. त्यांच्या डब्ल्यू-२वर, म्हणजे कंपनीकडून मिळणाऱ्या वार्षिक पगारपत्रकावर, तेराव्या चौकटीत ‘रिटायरमेंट प्लॅन’पुढे बारीकशी फुली असेल, सगळा फरक तिचा. मी एका वर्षी ती न बघताच वजावट घेतली आणि सुधारित रिटर्न भरत बसलो.

एकत्र राहून रिटर्न वेगळं भरलंत, तर मात्र १०,०००लाच खेळ खलास. पैसे १५ एप्रिल २०२६पर्यंत भरा, आणि भरताना वर्ष २०२५ निवडा.