फिलाडेल्फिया तासाभरात उरकू नका

मुलांकडे अमेरिकेला गेलेल्या, किंवा जायच्या तयारीत असलेल्या वाचकांचे फिलाडेल्फियाबद्दलचे काही प्रश्न या वेळी घेतले आहेत. हे शहर माझ्या फार जवळचं आहे, त्यामुळे काही उत्तरं लांबली आहेत.

प्रश्न : आम्ही दोघं एडिसनला मुलाकडे आलो आहोत. टूरची बस न्यूयॉर्कहून वॉशिंग्टनला जाताना फिलाडेल्फियाला तासभर थांबते. तेवढं पुरे होईल का? माझे गुडघे दुखतात. (नाशिक)

नाही पुरणार. तासाभरात लिबर्टी बेल या प्रसिद्ध घंटेसमोर फोटो होतो आणि बस सुटते. तुम्ही तर एडिसनमध्येच आहात, मग बस कशाला? एनजे ट्रान्झिटच्या, म्हणजे न्यू जर्सीच्या, लोकलने ट्रेंटनपर्यंत जा, तिथे सेप्टाची, म्हणजे फिलाडेल्फियाची, लोकल पकडा आणि जेफरसन स्टेशनला उतरा. रीडिंग टर्मिनल मार्केट स्टेशनला लागूनच आहे आणि स्वातंत्र्याचा जाहीरनामा जिथे मंजूर झाला तो इंडिपेंडन्स हॉल तिथून सहा-सात चौकांवर.

गुडघ्यांची फार काळजी करू नका. विल्यम पेनने १६८२ मध्ये शहर वसवलं तेच पाटावर रेघा मारल्यासारखं. सरळ, काटकोनात छेदणारे रस्ते. काहींना आकडे, काहींना झाडांची नावं : चेस्टनट, वॉलनट, स्प्रूस, पाइन. जुन्या भागात चढउतार नसल्यातच जमा. सकाळी इंडिपेंडन्स हॉल आणि लिबर्टी बेल, दुपारी मार्केटमध्ये जेवण आणि पाय साथ देत असतील तर एल्फ्रेथ्स ॲली. ही दगडी फरसबंदीची अरुंद गल्ली आहे. तिथली सगळ्यात जुनी घरं अठराव्या शतकाच्या सुरुवातीची आहेत आणि त्यांत आजही माणसं राहतात, म्हणून खिडक्यांतून आत डोकावू नका. जमलं तर दुसऱ्या दिवशी परत या. संग्रहालयांना तो दिवस लागेलच.

प्रश्न : इंडिपेंडन्स हॉलचं तिकीट आयत्या वेळी मिळतं का? (पुणे)

त्या भरवशावर राहू नका. वर्षातले बहुतेक महिने ठरावीक वेळेचं तिकीट लागतं. ते फुकटच असतं, ऑनलाइन आरक्षणाला तेवढा डॉलरभर आकार पडतो. उन्हाळ्यात दिवस ठरला की लगेच काढून ठेवा. लिबर्टी बेलला तिकीट नाही, मात्र दोन्हीकडे सुरक्षा तपासणी होते; पाठीवरची मोठी बॅग घरीच ठेवलेली बरी.

मुख्य दालन तळमजल्यावरच आहे. १७७६ च्या जुलैत स्वातंत्र्याचा जाहीरनामा याच खोलीत मंजूर झाला आणि अकरा वर्षांनी, १७८७ मध्ये, अमेरिकेची राज्यघटनाही इथेच तयार झाली. बाकीचं बरंचसं फर्निचर त्या काळातलं असलं तरी मूळचं नाही. समोरची उंच पाठीची खुर्ची मात्र खरीखुरी जॉर्ज वॉशिंग्टनची आहे. तिच्या माथ्यावर अर्धा सूर्य कोरलाय. घटनेवर सह्या होत असताना म्हातारे बेंजामिन फ्रँकलिन म्हणाले होते की हा सूर्य उगवतोय की मावळतोय हे इतके दिवस कळत नव्हतं, आता कळलं, उगवतोय. गाइड बोलत असताना नजर त्या खुर्चीवर असू द्या.

प्रश्न : मी शिक्षिका आहे. लिबर्टी बेलला तडा नेमका कधी गेला? प्रत्येक जण वेगळं सांगतो. (वाई)

तडे एकाहून जास्त वेळा गेले, म्हणून हा गोंधळ. घंटा लंडनच्या व्हाइटचॅपलमध्ये ओतली गेली. १७५२ मध्ये इथे आली आणि चाचणीच्या टोल्यातच फुटली. पास आणि स्टो या स्थानिक कारागिरांनी तोच धातू वितळवून १७५३ मध्ये ती पुन्हा ओतली. वजन सुमारे ९४० किलो. वर्षानुवर्षांच्या वापरानंतर तिला बारीक चीर पडली. १८४६ मध्ये वॉशिंग्टनच्या जयंतीला ती वाजवायची होती, म्हणून चिरेच्या कडा एकमेकींवर घासू नयेत यासाठी चीर मुद्दाम रुंद करण्यात आली. फोटोत दिसते ती रुंद फट म्हणजे ही दुरुस्ती. नीट पाहिलंत तर तिच्या कडांवर ड्रिलच्या खुणा दिसतात. त्या जयंतीला घंटा वाजलीही, पण दुसरी बारीक चीर वर चढत गेली आणि आवाज कायमचा गेला. ती केसाएवढी चीर घंटेवर कोरलेल्या ‘लिबर्टी’ या शब्दातूनच गेली आहे. मुलांना ती शोधायला लावा.

आणखी एक गोष्ट वर्गात जरूर सांगा. हिला ‘लिबर्टी बेल’ हे नाव १७७६ मध्ये मिळालेलं नाही. १८३० च्या दशकात गुलामगिरीविरुद्ध लढणाऱ्यांनी ते रूढ केलं, कारण घंटेवर बायबलमधलं ‘साऱ्या देशात, तिथल्या सर्व रहिवाशांना स्वातंत्र्य जाहीर करा’ अशा अर्थाचं वचन आहे. ‘सर्व’ या शब्दावर त्यांनी बोट ठेवलं. घंटेच्या इमारतीला लागूनच राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टन राहत त्या घराची जागा आहे. त्या घरात त्यांनी नऊ गुलाम ठेवले होते. सहा महिने सलग राहिलेला गुलाम पेनसिल्व्हेनियाच्या कायद्याने मुक्ती मागू शकत असे, म्हणून मुदत भरायच्या आत त्यांना राज्याबाहेर नेऊन आणलं जाई. १७९६ मध्ये ओनी जज ही तरुणी तिथून निसटली आणि पुन्हा हाती लागली नाही. घंटा पाहून झाल्यावर या जागेपाशी दहा मिनिटं थांबाच. घंटेवरचा तो ‘सर्व’ खरा कळतो तो इथे.

प्रश्न : कला संग्रहालयाच्या, ‘रॉकी’ सिनेमातल्या पायऱ्यांवर फोटो काढून परत आलो तर फार काही हुकेल का? (ठाणे)

हुकेल, आणि तेही आपल्या घरचं. ७२ पायऱ्या चढून (किंवा मागच्या बाजूने येऊन लिफ्टने) आत गेलात की मदुराईचा एक अख्खा मंडप उभा आहे. सोळाव्या शतकातलं ग्रॅनाइट, खांबाखांबावर जवळजवळ माणसाएवढ्या मूर्ती. ॲडलिन पेपर गिब्सन या फिलाडेल्फियाच्या बाईंनी १९१२ मध्ये मदुराईत हे कोरीव दगड विकत घेतले आणि १९१९ मध्ये कुटुंबाने ते संग्रहालयाला दिले. मंदिराचे खांब परदेशी दालनात पाहताना पोटात कालवतं, माझ्याही कालवलं. तरी तिथल्या बाकावर मी दर वेळी बसतो. भारतीय शिल्पाच्या थोर अभ्यासक स्टेला क्रामरिश यांनी १९५४ पासून इथला भारतीय विभाग सांभाळला, आणि तो जाणत्या हातांनी उभा राहिलाय हे मांडणीतच दिसतं.

तिथून पार्कवेने सिटी हॉलकडे चालत या. वाटेत शिल्पकार रोदँचं संग्रहालय आणि बार्न्स फाउंडेशनचं चित्रसंग्रहालय लागतं. बार्न्समध्ये एकट्या रेन्वार या फ्रेंच चित्रकाराचीच १८१ चित्रं आहेत. आठवड्याची सुट्टी मात्र आधी पाहून ठेवा. इथली मोठी संग्रहालयं सोमवारी नाही, मधल्याच वारी बंद असतात.

प्रश्न : ईस्टर्न स्टेट पेनिटेन्शरी हा तुरुंग लहान मुलांना दाखवावा का? (कोल्हापूर)

दहा वर्षांच्या पुढच्यांना दाखवा. १८२९ मध्ये उघडलेला, १९७१ मध्ये बंद झालेला हा तुरुंग. माणसाला एकटं कोंडलं की तो पश्चात्ताप करून सुधारेल, या समजुतीवर उभारलेला. मध्ये एक केंद्र आणि त्यातून निघालेल्या सात बराकी. छतातल्या झरोक्यातून येईल तेवढाच उजेड, आणि बाहेर न्यायचं तर कैद्याच्या डोक्यावर टोपडं, म्हणजे तोंड कुणाला दिसू नये. मूळ आराखडा पाहताच मला अंदमान आठवलं : तिथेही मधला मनोरा आणि सात बराकी, तिथेही एकांतवास. सावरकरांच्या कोठडीबद्दल वाचलेल्या मुलांना इथे फार समजावून सांगावं लागत नाही.

प्रश्न : शाकाहारी माणसाने काय खावं? (सांगली)

चीजस्टेक या इथल्या प्रसिद्ध सँडविचमध्ये गोमांस असतं, हे आधी लक्षात ठेवा. १८९३ पासूनच्या रीडिंग टर्मिनल मार्केटमध्ये आमिश या साधेपणाने राहणाऱ्या ख्रिस्ती पंथाच्या लोकांच्या ठेल्यावरचा गरम, लोण्यात माखलेला प्रेट्झेल (गाठ मारलेला पाव) घ्या आणि वर बॅसेट्सचं आइस्क्रीम. आमिश ठेले रविवारी बंद असतात. मार्केटशेजारच्या चायनाटाउनमध्ये शाकाहारी जेवण सहज मिळतं.

प्रश्न : आम्ही कल्याणचे. डॉ. आनंदीबाई जोशी शिकल्या ते कॉलेज पाहता येईल का? (कल्याण)

या प्रश्नाची मी वाट पाहत होतो. ते विमेन्स मेडिकल कॉलेज तेव्हा नॉर्थ कॉलेज ॲव्हेन्यूवर, गिरार्ड कॉलेजच्या दगडी भिंतीजवळ होतं. वर सांगितलेला तुरुंग तिथून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. आज त्या जागी कॉलेज नाही; १९३० मध्ये ते ईस्ट फॉल्स भागात हललं. रस्ता आहे, भिंतही आहे. हिवाळ्यात गेलात तर नऊवारी नेसलेली अठरा वर्षांची मुलगी या थंडीत इथून चालली असेल, हे अंगावरच्या काट्यानेच कळतं.

११ मार्च १८८६ रोजी त्यांना एम.डी. मिळाली. समारंभाला पंडिता रमाबाई मुद्दाम इंग्लंडहून आल्या होत्या. पुढच्याच वर्षी रमाबाईंचं ‘द हाय कास्ट हिंदू वुमन’ फिलाडेल्फियातच छापलं गेलं, आणि त्याला प्रस्तावना होती ती कॉलेजच्या डीन रेचल बॉडली यांची. आनंदीबाईंसोबत जपानच्या के ओकामी आणि सिरियाच्या साबात इस्लामबूली यांचा, तिघी आपापल्या देशाच्या पेहरावात असलेला १८८५ चा फोटो तुम्ही पाहिला असेल. कॉलेजची जुनी कागदपत्रं आता ड्रेक्सेल विद्यापीठाच्या संग्रहात जपलेली आहेत. काही प्रत्यक्ष पाहायचं असेल तर आधी पत्र पाठवून वेळ ठरवा, आयत्या वेळी जाऊ नका.

पदवीनंतर वर्षही सरलं नाही, २६ फेब्रुवारी १८८७ ला त्या पुण्यात वारल्या. त्यांच्या अस्थी पती गोपाळरावांनी अमेरिकेत कार्पेंटरबाईंकडे पाठवल्या. न्यू जर्सीतल्या रोझेलच्या ज्या कार्पेंटर घराने आनंदीबाईंना लेकीसारखं सांभाळलं, त्या घराच्या कौटुंबिक दफनभूमीत, न्यूयॉर्क राज्यातल्या पकिप्सीला, त्यांच्या नावाचा दगड आहे. ग्रँड सेंट्रलहून हडसनकाठाने जाणारी गाडी सुमारे दोन तासांत तिथे पोचवते. स्टेशनबाहेर टॅक्सी करा, आणि फुलं आधीच घेऊन ठेवा.