आरआयई भोपाळ: डिपार्टमेंटचं नंतर, आधी कोणत्या वर्गाला शिकवायचंय ते ठरव

प्रश्न: सर, मी उदगीर तालुक्यातली, बारावी सायन्सला आहे. गणित आवडतं, गल्लीतल्या चौथी-पाचवीच्या पोरांची शिकवणी घेते. भोपाळच्या आरआयईमधून (रीजनल इन्स्टिट्यूट ऑफ एज्युकेशन) चार वर्षांचं बीएस्सी बीएड करावं असं वाटतंय पण त्यांच्या प्रत्येक डिपार्टमेंटची उद्दिष्टं वाचली तर सगळीकडे तेच तेच, दर्जेदार शिक्षक घडवणे वगैरे. कुठलं डिपार्टमेंट चांगलं? बाबा म्हणतात इथंच बीएस्सी कर आणि मग बीएड.

उत्तर: तू उद्दिष्टं वाचलीस हेच मला फार आवडलं, कारण बहुतेक पोरं फी आणि हॉस्टेल एवढंच बघतात. पण एक गैरसमज आधी काढतो. इंजिनिअरिंगला जशी मेकॅनिकल, सिव्हिल अशी ब्रँच घ्यावी लागते तसं तिथं नाहीये. तू अ‍ॅडमिशन घेणार कोर्सला आणि त्या एकाच कोर्समध्ये तुला दोन-तीन डिपार्टमेंट मिळून शिकवणार, त्यामुळे कुठलं चांगलं यापेक्षा कुठलं डिपार्टमेंट तुझ्यासाठी काय करणार हे विचार.

थोडं मागचं सांगतो म्हणजे रचना कळेल. एनसीईआरटी, म्हणजे शाळेची पुस्तकं काढणारी केंद्राची संस्था, 1961 ची, आणि तिनं साठच्या दशकात अजमेर, भोपाळ, भुवनेश्वर आणि म्हैसूर अशी चार रीजनल कॉलेजं काढली, त्यांनाच आता आरआयई म्हणतात. त्यातलं भोपाळचं श्यामला हिल्सवर आहे आणि आपला महाराष्ट्र, गोवा, गुजरात, मध्य प्रदेश, छत्तीसगड त्याच्याच क्षेत्रात येतात. या कॉलेजांमागची कल्पनाच अशी होती की विषय आणि शिकवणं हे आधी एक मग दुसरं असं नको, चार वर्षं दोन्ही सोबत चालू दे. बाबा म्हणतायत तो रस्ता चुकीचा नाही, पण दोन्ही रस्त्यांत खरा फरक हा आहे, नुसतं एक वर्ष वाचतं एवढाच नाही.

आता डिपार्टमेंट. सायन्स आणि मॅथ्सच्या शिक्षणाचं जे आहे तिथं तुझा सगळ्यात जास्त वेळ जाईल. त्याचं नाव नीट वाच, नुसतं मॅथ्स डिपार्टमेंट नाही, मॅथ्सच्या शिक्षणाचं डिपार्टमेंट. तुझ्याच शिकवणीतलं उदाहरण घे, एखादं पोरगं एक छेद आठ हे एक छेद चारपेक्षा मोठं म्हणतंच, कारण आठ चारपेक्षा मोठे. तुला उत्तर येतं, पण त्याच्या डोक्यात ती चूक का बसली आणि भाकरी मोडून दाखवायची का संख्यारेषा काढायची, हे वेगळं ज्ञान आहे. ली शुलमन या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञांनी 1986 मध्ये ह्यालाच स्वतंत्र नाव देऊन मांडलं की शिक्षकाला विषय यायला हवा, शिकवायची पद्धत यायला हवी आणि तिसरं म्हणजे हाच विषय ह्या पोरांना कसा पोचवायचा ते यायला हवं. ते तिसरं देणं हा ह्या डिपार्टमेंटचा हेतू आहे. भाषा आणि सामाजिक शास्त्रांच्या डिपार्टमेंटचा हेतूही हाच, फक्त विषय वेगळे.

एज्युकेशन डिपार्टमेंटकडे बालमानसशास्त्र, मूल्यमापन, समावेशक शिक्षण, इंटर्नशिप हे सगळं येतं. पोरांना हे विषय थिअरी वाटतात आणि ती पाठ करून सोडून देतात. असं करू नकोस, वर्गात एक मूल दोन महिने एक शब्द बोलत नाही तेव्हा कॅल्क्युलस कामाला येत नाही, हे येतं.

एक्स्टेन्शन डिपार्टमेंट तुला रोज दिसणार नाही, त्याचं काम नोकरीतल्या शिक्षकांसाठी, राज्यांसोबत ट्रेनिंग वगैरे.

आणि मला स्वतःला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती आवारातली डेमॉन्स्ट्रेशन स्कूल. सायन्सला जशी लॅब तशी शिक्षकाला ही शाळा. मी बीएड केलं तेव्हा ते एक वर्षाचं होतं आणि आमच्या कॉलेजला स्वतःची शाळा नव्हती, गावातल्या शाळेत आम्ही लेसन घ्यायचो, तिथले मुख्याध्यापक कंटाळलेले, लेसन बघायला येणारे सर पाच मिनिटं मागच्या बाकावर बसून सही करून जायचे. माझे लेसन कुठं चुकले हे मला नोकरी लागल्यावर पोरांच्या पेपरातून कळलं. त्याचं वाईट आजही वाटतं, कारण शिकायच्या त्या वर्षाचं नुकसान पहिल्या बॅचच्या पोरांनी भोगलं. म्हणून कुठल्याही कॉलेजची उद्दिष्टं वाचताना मी एवढंच विचारायला सांगतो की लेसन पूर्ण तास कोण बघतं आणि नंतर बसून बोलतं का. दोन वर्षांच्या बीएडला एनसीटीईच्या (शिक्षक घडवणाऱ्या कोर्सचे नियम ठरवणारी केंद्राची संस्था) 2014 च्या नियमांनुसार किमान 20 आठवडे इंटर्नशिप आहे, कागदावर ती सगळीकडेच असते, पण खरी किती होते ते सीनियर मुलींना विचार. बाबांनी सांगितलेल्या कॉलेजबद्दलही हेच विचार.

आता खरी अडचण, जी तू लिहिली नाहीस पण तुझ्या पत्रात आहे. तुला आवडतात चौथी-पाचवीची पोरं. आणि असल्या कोर्सला स्टेज, म्हणजे कोणत्या वर्गांना शिकवायचं ते, ठरलेली असते, सेकंडरी लिहिलं असेल तर नववी ते बारावी. 11 ऑगस्ट 2023 ला सुप्रीम कोर्टानं स्पष्ट केलंय की नुसत्या बीएडवर पहिली ते पाचवीचं शिक्षक होता येत नाही. त्याला बारावीनंतरचं दोन वर्षांचं डीएलएड, म्हणजे प्राथमिक शिक्षकांची पदविका, आणि टीईटी या शिक्षक पात्रता परीक्षेचा पेपर 1, सहावी ते आठवीला पेपर 2. आपल्याकडे जिल्हा परिषदेची भरती पुढं टेट (ही टीईटीपेक्षा वेगळी, भरतीसाठीची अभियोग्यता परीक्षा) आणि राज्याच्या पवित्र पोर्टल या शिक्षकभरतीच्या वेबसाइटवरून होते. म्हणजे छोट्यांनाच शिकवायचं असेल आणि कोर्स सेकंडरीचा असेल तर भोपाळचं कितीही भारी डिपार्टमेंट तुझ्या कामाचं नाही. आणि नववी-दहावीच्या पोरांना बीजगणित शिकवायची ओढ असेल तर मात्र जरूर जा.

हे घरी बसून ठरणार नाही. परीक्षा झाल्यावर गावातल्या हायस्कूलच्या सरांना विचारून आठवीच्या किंवा नववीच्या पोरांना आठवडाभर शिकव, एकच धडा घे, गुणोत्तर-प्रमाण घे, आणि बघ तुला दुसऱ्या दिवशी परत जावंसं वाटतं का. एनसीईटी या प्रवेश परीक्षेच्या फॉर्मची तारीख मात्र त्याची वाट बघणार नाही म्हणून फॉर्म आधी भरून ठेव, भरताना माहितीपत्रकात स्टेज बघ. तिथं वर्गात हिंदी-इंग्रजी चालतं, त्यामुळे मराठी मिडियमची असशील तर आतापासून गणिताचे शब्द इंग्रजीतून पण लिहायची सवय लाव. आठवडा झाला की मला परत लिही, बाबांशी बोलायचं असेल तर त्यांनाही पत्रात लिहायला सांग.